डमीचा हात बघून मी नर्सिंग कॉलेज निवडलं

अ‍ॅडमिशन होऊन आता दीड वर्ष झालं, तरी अजून कोणी ना कोणी विचारतंच की तू हेच कॉलेज का घेतलंस, नव्या बिल्डिंगवालं मिळत होतं ना तुला. मिळत होतं, खरंच मिळत होतं. त्या दोन-अडीच महिन्यांत मी काय काय बघितलं आणि कुठे चुकता चुकता राहिले हे एकदा नीट लिहून काढायचं खूप दिवस मनात होतं, आज बसलेच लिहायला. लांबणार आहे, आधीच सांगते, पण ज्यांना या वर्षी फॉर्म भरायचाय त्यांनी वेळ काढून वाचा.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. एक वही घेतली, पाच कॉलेजची नावं एकाखाली एक लिहिली आणि पुढे रकाने पाडले, फी, घरापासून अंतर, हॉस्टेल, बिल्डिंग, वायफाय, पास झाल्यावर नोकरी. माहितीपुस्तिका सगळ्यांच्या मागवल्या होत्या, त्यातले फोटो पण इतके सारखे की कव्हर काढलं तर कुठली कुणाची ते कळलं नसतं. आठ दिवस ती वही भरत बसले होते आणि मला मनापासून वाटत होतं की माझा अभ्यास झाला.

माझी मावशी नर्स आहे, वीस वर्षांच्या वर सर्जिकल वॉर्डात काढलीयेत तिने. नाईट करून आली होती, चहा घेता घेता वही चाळली, शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाली, "अगं यात सगळं आहे, पेशंट कुठाय?" मला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "शिकायच्या वर्षांतला निम्मा वेळ तू वॉर्डात काढणारेस, आणि त्या वॉर्डाचा एक पण रकाना नाही यात. कॉलेज नको बघूस, तिथल्या मुलांचा हात कुठे बसतो ते बघ."

हे निम्मा वेळ ती अंदाजाने बोलली असेल असं मला वाटलं म्हणून मी नंतर शोधलं. युरोपियन युनियनच्या नियमात चक्क लिहिलेलं आहे की जनरल नर्सचं शिक्षण कमीत कमी तीन वर्षं आणि ४,६०० तासांचं पाहिजे, त्यातली थिअरी निदान एक तृतीयांश आणि प्रत्यक्ष पेशंटसोबतचं काम निदान निम्मं. बाकी देशांत आकडे वेगळे आहेत पण वॉर्ड सगळीकडेच मोठा हिस्सा खातो. आणि हे आजचं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची पहिली नर्सिंग शाळा १८६० मध्ये लंडनला सुरू झाली ती सेंट थॉमस हॉस्पिटलमध्येच, म्हणजे आधी हॉस्पिटल आणि त्याच्या पोटात शाळा. मी मात्र उलटं करत होते, शाळा बघत होते आणि हॉस्पिटल कुठलं हे कुठेतरी तळटीपेत.

डिप्लोमा की डिग्री हा एक वाद घरात बरेच दिवस चालला. मावशी स्वतः डिप्लोमावाली आहे आणि तिच्यासारखी शीर सापडवणारी मी अजून बघितली नाही, त्यामुळे डिप्लोमा म्हणजे कमी असं मला कोणी सांगायला आलं की राग येतो. पण मी डिग्रीकडे झुकले त्याला कारण होतं. लिंडा एकन नावाच्या संशोधक आहेत, त्यांच्या टीमने युरोपातल्या ९ देशांमधल्या ऑपरेशन झालेल्या पेशंटचा अभ्यास केला, तो २०१४ ला छापून आला. त्यात दिसलं की हॉस्पिटलमध्ये डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ३० दिवसांच्या आत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. त्याच अभ्यासात हे पण होतं की एका नर्सकडे एक पेशंट जास्त दिला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. मी मावशीला वाचून दाखवलं तर पहिल्या वाक्याला ती काहीच बोलली नाही, दुसऱ्याला मात्र मान हलवत राहिली, म्हणाली हे आम्ही रोज बघतो. आता असल्या अभ्यासातून दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच कळतं, डिग्रीचा कागद मिळाला की हात आपोआप चांगला होतो असं कोणी म्हणत नाही. पण मला पुढे जाऊन शिकवायचंय, त्यासाठी डिग्री लागणारच होती, म्हणून तो वाद तिथे मिटला.

आता पहिलं कॉलेज. तिथे मी त्यांच्या ओपन डेला गेले होते, आणि खोटं कशाला सांगू, भारावून गेले. काचेची बिल्डिंग, मोठं ऑडिटोरियम, स्किल लॅब तर एखाद्या आयसीयूसारखी, आठ बेड, प्रत्येकावर डमी म्हणजे सरावाचा पुतळा, भिंतीवर मॉनिटर. एका टेबलावर इंजेक्शन आणि सलाईनची प्रॅक्टिस करायचे रबरी हात ओळीने मांडलेले. मी एकाला हात लावला, इतका गुळगुळीत होता आणि वर पारदर्शक प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं, कोपऱ्यावर कंपनीचं स्टिकर. दाखवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे सगळं लेटेस्ट आहे. आणि मग ऑफिसमध्ये सांगितलं की आज सीट बुक केलीत तर फीमध्ये सवलत, उद्या नाही. मी बाहेर येऊन बाबांना फोन केला की पैसे भरूया का. बाबा म्हणाले घरी ये, मग बोलू.

घरी आले, मावशीला सगळं उत्साहात सांगितलं. तिने एकच विचारलं, "डमीचा हात कसा होता?"

म्हटलं नवा कोरा होता, प्लास्टिक पण नव्हतं काढलेलं.

"किती बॅचेस बाहेर पडल्यात तिथून?"

"तीन."

"मग तीन बॅचेसनी सुई कुठे टोचली गं?"

मला त्या क्षणी पोटात कसंतरी झालं. तीन बॅचेस म्हणजे निदान शंभर-दीडशे मुलं, आणि त्यातल्या एकानेही त्या हातात सुई घातली नव्हती, म्हणजे त्यांनी पहिली सुई सरळ कुणाच्या तरी खऱ्या हातात घातली असणार. आजारी माणसाच्या. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे पहिल्यांदा तो रबरी हात बघायला लागले.

दुसऱ्या कॉलेजचं थोडक्यात सांगते कारण तिथे मी गेलेच नाही. नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव होतं म्हणून मी निर्धास्त होते, पण यादी नीट उघडून बघितली तर मान्यता फक्त डिप्लोमाची, आणि जाहिरात डिग्रीची करत होते. फोन केला तर म्हणाले होऊन जाईल, प्रोसेसमध्ये आहे. कोर्सला मान्यता नसेल तर शेवटी रजिस्ट्रेशन अडकतं आणि रजिस्ट्रेशन नाही तर नर्स म्हणून काम करताच येत नाही, सगळी वर्षं पाण्यात. यादीत नुसतं कॉलेजचं नाव बघू नका, कोर्स कुठला, सीट किती आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरं कॉलेज मात्र मला आवडलं होतं, आणि त्याबद्दल लिहिताना अजून वाईट वाटतं. नाव मोठं, शिक्षक हुशार, लायब्ररी तर इतकी सुंदर की मी तासभर तिथेच बसले. आणि जोडलेलं हॉस्पिटल खरंच मोठं, शेकडो बेडचं, बेड रिकामे वगैरे अजिबात नाही. मावशीने सांगितलं होतं की कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नकोस, साध्या वारी सकाळी जा, शिफ्ट बदलते तेव्हा, कळवून पण जाऊ नकोस. म्हणून मी एका मंगळवारी सातच्या आधी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले, नातेवाईक थांबतात तिथे. सात वाजता विद्यार्थी यायला लागले. निळा युनिफॉर्म, मग पांढरा, मग हिरवी पट्टीवाला, मग आणखी एक. चार वेगवेगळ्या कॉलेजची मुलं एकाच हॉस्पिटलला येत होती. दारातून एक बेड दिसत होता, कुणीतरी आजोबा होते, त्यांच्याभोवती मी मोजले, नऊ विद्यार्थी. एकाने बीपी घेतलं, आकडा मोठ्याने सांगितला आणि बाकीच्या आठ जणांनी तो आपापल्या वहीत लिहून घेतला. आजोबा डोळे मिटून पडून होते. शिकवणाऱ्या मॅडम तासभर तरी कुठे दिसल्या नाहीत.

नंतर जिन्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली, तिच्याशी बोलले. आधी ती म्हणाली छान आहे कॉलेज, ये तू. मग मी विचारलं की ताई, कॅथेटर (लघवीची नळी) स्वतः किती घातलेत तुम्ही? ती थांबली. लॉगबुकात, म्हणजे कुठलं काम किती वेळा केलं त्याच्या सह्यांच्या वहीत, दहा दिसतील म्हणाली, स्वतः एक, तो पण अर्धा, मध्येच सिस्टरनी हातातून घेतला कारण त्यांना उशीर होत होता. "सह्या मिळतात गं, हात बसत नाही," असं म्हणाली ती, आणि पुढे हळूच म्हणाली की चार महिन्यांनी मी ड्युटीला एकटी असणारे. तिच्या चेहऱ्यावरची भीती मी विसरू शकत नाही. ती मुलगी आळशी नव्हती, तिला शिकायचं होतं, तिला कोणी करूच दिलं नव्हतं. मी त्या वॉर्डातल्या सिस्टरना पण दोष देत नाही, चाळीस पेशंट बघत कोण शिकवत बसणार. दोष त्यांचा आहे ज्यांनी एका वॉर्डात चार कॉलेजची मुलं सोडली आणि सोबत शिकवणारं माणूस दिलं नाही.

त्यानंतर मी वहीतले सगळे रकाने खोडले. नवीन लिहिले, एका शिक्षकामागे वॉर्डात किती मुलं, एका वॉर्डात किती कॉलेजची मुलं, कुठल्या कुठल्या विभागात पोस्टिंग, लॅब वर्गाबाहेर उघडी असते का, आणि पहिल्या वर्षाला किती आले नि त्यातले किती शेवटपर्यंत पोचले. हा शेवटचा प्रश्न मला निकालांमुळे सुचला. सगळीकडे बोर्डावर निकाल लावलेला असतो, ९८ टक्के, १०० टक्के. पण टक्का काढतात तो परीक्षेला बसलेल्यांचा. पन्नास मुलं आली, वीस मध्येच गळाली किंवा कच्ची म्हणून बसूच दिली नाहीत, उरलेली तीस पास झाली की निकाल शंभर टक्के. म्हणून मी ऑफिसमध्ये विचारायला लागले की चार वर्षांपूर्वी किती घेतले होते. एका ठिकाणी उत्तर द्यायचं टाळलं, ते पण उत्तरच होतं.

आता चौथं. जुनी बिल्डिंग, रंग उडालेला, गेटवरची पाटी पण एका बाजूला कललेली, बाबा म्हणाले हे काय दाखवायला आणलंस. स्किल लॅब तळमजल्यावर, खिडक्या लहान, चारच बेड. दुपारच्या सुट्टीची वेळ होती आणि तरी आत दोन मुली होत्या, एक रबरी हाताला टुर्निकेट, म्हणजे शीर फुगवायचा पट्टा, बांधत होती, दुसरी तिला चेकलिस्ट वाचून दाखवत होती. मी जवळ जाऊन तो हात बघितला. कोपराच्या आतल्या बाजूला रबर काळपट पडलेलं, इतकी भोकं की खरखरीत झालेलं, मनगटाजवळ एक चौकोनी तुकडा नवीन चिकटवलेला, फिकट रंगाचा. त्या मुलीने सुई घातली तर शिरेत पोचल्यावर लाल पाणी आलं, आणि ते जुन्या भोकांमधून पण जरा जरा झिरपलं, तिने शांतपणे पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून ट्रे लावायला घेतला. लॅबच्या मॅडम म्हणाल्या की वरची कातडी आणि आतल्या नळ्या सारख्या बदलाव्या लागतात, पुरत नाहीत, नवीन मागवल्यात. त्या जरा संकोचून सांगत होत्या आणि मला मात्र वाटत होतं की हेच, हेच शोधत होते मी.

नंतर वाचलं की डमीवर शिकवायची पद्धत किती जुनी आहे. अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेने १९११ मध्ये मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली होती, मिसेस चेस म्हणायचे तिला, विद्यार्थिनी तिला उचलायला, वळवायला, कपडे बदलायला शिकायच्या. म्हणजे पेशंटला आपल्या चुकांचा त्रास होऊ नये ही काळजी शंभर वर्षांपूर्वी पण कुणीतरी घेतली होती. आणि हे पण सांगायला पाहिजे की डमीवर शिकणं म्हणजे खोटं शिकणं नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची जी संस्था आहे तिचा २०१४ चा मोठा अभ्यास आहे, त्यात काही विद्यार्थ्यांचे क्लिनिकलचे म्हणजे वॉर्डातले अर्ध्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे डमी वगैरे वापरून केलेल्या सरावात, घेतले तरी शेवटी त्यांच्या ज्ञानात आणि कामात फरक दिसला नाही. पण तिथे शिकवणारे त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक सरावानंतर बसून काय झालं याची चर्चा व्हायची. या चौथ्या कॉलेजला हलणारा-बोलणारा डमी एकच होता, पण त्याच्यावर सराव झाल्यावर मुलं गोल करून बसत होती आणि मॅडम विचारत होत्या, तू त्या वेळी काय बघितलंस, काय राहून गेलं. कोणी कोणाला ओरडत नव्हतं.

वॉर्डात मात्र मला सोडलं नाही. पेशंटना विचारल्याशिवाय बाहेरच्या माणसाला आत नेत नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि त्या नकाराने माझं मत उलट चांगलंच झालं. नर्सिंग स्टेशनच्या बाहेर बाकावर बसायची परवानगी मिळाली. तिथून औषधांची ट्रॉली दिसत होती. दुसऱ्या वर्षाची असेल, एक मुलगी इंजेक्शन भरत होती, बाजूला मॅडम. मॅडमनी आधी विचारलं, पेशंट कोण, औषध कुठलं, डोस किती, कुठून द्यायचं, किती वाजता. मुलीने चार्टवर बोट ठेवून एकेक उत्तर दिलं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तिचा हात थरथरायला लागला, तिने मॅडमकडे बघितलं. आणि मॅडमनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंतवले होते. घाई असणार, वॉर्ड भरलेला होता, तरी त्यांनी सिरिंज हातात घेतली नाही, फक्त म्हणाल्या, "टिचकी मार, वर येऊ दे त्याला, वेळ आहे आपल्याकडे." बुडबुडा वर आला, गेला. दोघी पडद्याआड गेल्या. बाहेर आल्यावर मुलीने सुईला झाकण न लावता तशीच सुयांच्या डब्यात टाकली आणि हाताला सॅनिटायझर लावून बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, नखांपर्यंत चोळत राहिली. वीस ते तीस सेकंद लागतात त्याला, जागतिक आरोग्य संघटनेच्या पोस्टरवर असतं, मी मनात मोजत होते आणि तिने पूर्ण घेतले. एका मॅडममागे सहाच मुलं होती त्या दिवशी. विचारलं तर म्हणाले सहा-सातच्या वर जाऊ देत नाही, म्हणून सीट पण कमी आहेत आमच्या.

सगळंच चांगलं होतं असं नाही. लेबर रूमचं पोस्टिंग दुसऱ्या हॉस्पिटलला, जायला तास यायला तास. हॉस्टेलच्या खोल्या लहान, पुस्तकं तिसऱ्या कॉलेजच्या पावपट पण नाहीत. बाबांचा मुद्दा पण चुकीचा नव्हता, ते म्हणाले की उद्या बायोडाटावर हे नाव कोणाला माहिती असणारे? मला उत्तर देता आलं नाही. पाचव्या कॉलेजची भेट बाकी होती, ती मी केलीच नाही, आणि घाई केली का असं अजून कधी कधी वाटतं. चार दिवस घरात कोणी नीट बोलत नव्हतं. शेवटी मावशी बाबांना म्हणाली, "भाऊजी, उद्या तुम्ही बेडवर असलात तर तुम्हाला सुई कोणी लावावी, त्या काचेच्या बिल्डिंगमधल्या पोरीने की या भोकं पडलेल्या हातावर शिकलेल्या पोरीने?" बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले फॉर्म आण.

फी भरायच्या दिवशी मी एक प्रश्न विचारला जो आधी सुचलाच नव्हता, की पोस्टिंगला असताना आम्हाला सुई टोचली तर काय करायचं. क्लार्कने लगेच एक कागद काढून दिला, जखम साबण-पाण्याने धुवायची, ताबडतोब कळवायचं, कोणाला कळवायचं, रक्ततपासणी कुठे, खर्च कोणाचा, सगळं छापलेलं होतं. खाली एक ओळ होती की वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी हेपेटायटिस बी ची लस सुरू झालेली पाहिजे. पहिला डोस मी त्याच आठवड्यात घेतला, दुसरा महिन्याने, आणि सहाव्या महिन्यात तिसरा घेतला तेव्हा तो टोचणारी माझ्याच कॉलेजची सिनियर होती. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या, हात पाठीमागे.